शेवटी कोण जेवलं?

देवरे बाईंना ‘काय, बरं आहे ना?’ असं चार माणसांसारखं विचारता येत नसे. त्या भेटल्या की पहिला प्रश्न, ‘काल रात्री काय जेवलात?’ उत्तर देऊन सुटलो असं वाटतंय तोच दुसरा, ‘घरात शेवटी कोण जेवलं?’ आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत त्या राहायला आल्या तेव्हा बाई जरा चक्रम आहेत, असं सगळ्यांचं एकमत झालं. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले आमचे शेजारी तर त्या लांबून येताना दिसल्या की खिडकीतून बायकोला ओरडून विचारत, ‘अगं, काल भाजी कसली होती? देवरे बाई येतायत!’

पुढे मी त्यांच्याच हाताखाली नोकरीला लागलो. संस्था म्हणजे एका इमारतीचा दुसरा मजला. खाली चपलांचं दुकान, त्यामुळे जिन्यात कायम नव्या रबराचा वास. गरीब मुलखातली माणसं काय खातात, मदत म्हणून निघालेलं धान्य त्यांच्यापर्यंत पोचतं का, सरकारनं हात आखडता घेतला की ताटातलं काय आधी जातं, याचा अभ्यास तिथं चाले. मुलाखतीला मी एम.ए.ची गुणपत्रिका प्लास्टिकच्या कव्हरात घालून नेली होती. बाईंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

‘काल काय जेवलात?’

‘मसालेभात.’

‘शेवटी कोण जेवलं?’

‘आई.’

‘तिच्या वाट्याला काय उरलं होतं?’

मला कुठं माहीत! ‘विचारून या, मग कामाचं बोलू,’ म्हणाल्या. मी चडफडत घरी गेलो आणि विचारलं. आई हसली. म्हणाली, ‘खरवड होती की, आणि ताक. मला आवडते खरवड.’ दुसऱ्या दिवशी मी हे बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘सगळ्याच आयांना आवडते,’ आणि मला कामावर घेतलं.

बाईंचं सगळं शास्त्र या एका प्रश्नात होतं. त्या म्हणत, भूक गावभर सारखी पसरलेली नसते, घरातही नसते. घरातल्या एखाद्या माणसात ती दडून बसते आणि ते माणूस आपण होऊन कधी सांगत नाही. सरासरी या शब्दाचा त्यांना मनस्वी राग. मी एकदा मोठ्या हौसेनं सरासरीचा तक्ता करून टेबलावर ठेवला. बाई मूळच्या सटाण्याकडच्या. एरवी त्यांची मराठी अगदी शहरी, पण रागावल्या की अहिराणी बाहेर पडे. तक्त्याकडे बघून म्हणाल्या, ‘हाई काय शे?’ मग मराठीत आल्या. ‘शिंदे, एकानं दोन भाकरी खाल्ल्या आणि दुसरा उपाशी झोपला, तर तुमच्या तक्त्यात दोघंही जेवलेत. पुसा ते.’

दिसायला त्या काही फार रुबाबदार नव्हत्या. चुरगळलेली सुती साडी, पायात पुरुषी सँडल, खांद्याला अडकवलेल्या पिशवीत फडक्यात बांधलेली भाकरी आणि ठेचा. ज्या घराची पाहणी करायची त्या घरचं खायचं नाही, हा त्यांचा नियम. आपण एक भाकरी खाल्ली तर ती कुणाच्या तरी ताटातून येते, असं त्यांचं म्हणणं. नाही म्हटलं तर माणसं दुखावतात, म्हणून त्या बिनदिक्कत खोटं बोलत. ‘आत्ताच जेवून आले,’ म्हणत, आणि गावाबाहेर येऊन एखाद्या बांधावर बसून आपली भाकरी सोडत. एवढी खरं बोलणारी बाई, पण हे खोटं त्या आयुष्यभर मन लावून बोलल्या.

तरुणपणी त्या काही वर्षं आफ्रिकेतल्या एका देशात अभ्यासाला होत्या. तिथल्या सरकारला बाहेरून कर्ज हवं होतं आणि देणाऱ्यांची अट होती की मक्याच्या पिठावरचं अनुदान बंद करा. या सगळ्याला नाव होतं ‘ॲडजस्टमेंट’. बाई तिथल्या बाजारात रोज जाऊन पिठाचा भाव टिपत. भाव काही केल्या वाढेना. अहवालात लिहिलं गेलं की परिणाम किरकोळ आहे. मग एक दिवस त्यांच्या लक्षात आलं, की पीठ विकणाऱ्या बायका ज्या डब्यानं माप घालतात तो डबाच लहान होत चाललाय. ‘भाव तोच, डबा लहान. आणि मी शहाणी, भाव लिहीत बसले होते,’ हे त्या सांगत तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नसे. तेव्हापासून कागदावरच्या कुठल्याही आकड्यावर त्यांचा विश्वास उडाला. चुलीपाशी बसून मडक्यात डोकावावं तेव्हाच कळतं, असं त्या म्हणू लागल्या.

एकदा नाशिकच्या एका बड्या हॉटेलात अन्नसुरक्षेवर परिषद होती. गार हवा, बाटलीतलं पाणी, वक्त्यांना शाल-श्रीफळ. बाईंचं भाषण दुपारच्या जेवणानंतर होतं. त्यांनी हट्ट धरून ते जेवणाआधी घेतलं. मग त्या अशा काही बोलत सुटल्या की थांबेचनात. शेजारच्या दालनातून फोडणीचा वास येऊ लागला. लोक घड्याळं बघू लागले, खुर्च्या सरकू लागल्या, एका पाहुण्यांनी तर चिठ्ठीच पाठवली. बाईंनी चिठ्ठी वाचली आणि ध्वनिक्षेपकातून म्हणाल्या, ‘पोटात कावळे ओरडायला लागले का? जरा ओरडू द्या. आता मी काय सांगते ते तुम्हाला समजेल.’ परत त्या हॉटेलात आम्हाला कुणी बोलावलं नाही. मला मात्र इतका आनंद झाला होता, की त्या दिवशी मी गुलाबजाम परत परत वाढून घेतले. बाईंनी ते बघितलं आणि काही बोलल्या नाहीत, हेही त्यांचं मोठेपण.

आता जे सांगायचं ते सांगतो. ते सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून इतका वेळ गुलाबजामपाशी घुटमळत होतो.

पेठच्या बाजूला डोंगरात काही पाडे आहेत. त्यातल्या ज्या पाड्याबद्दल लिहितोय त्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांना ते आवडणार नाही. तिथं चिमाबाई म्हणून एक म्हातारी होती. अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट. मुलगा किसन, सून आणि नाती असं घर. त्या भागात अहोजाहो फारसं कुणी करत नाही. चिमाबाईही देवरे बाईंना अगंतुगं करी आणि बाईंना त्याचं कौतुक वाटे. अख्ख्या नाशिक जिल्ह्यात बाईंना ‘तू’ म्हणणारं तेवढं एकच घर होतं. बाई पाड्यावर गेल्या की चुलीपाशी दोघी तासन्‌तास बोलत बसत आणि मी बाहेर कोंबड्या मोजत बसे.

या पाड्यांवर एक प्रायोगिक योजना यायची होती. रेशनचं धान्य बंद करायचं आणि त्याचे पैसे थेट बँकेच्या खात्यात टाकायचे. त्याआधी लोकांना खायला पुरेसं मिळतं का, याची पाहणी आमच्या संस्थेकडे आली. बाईंचा अशा कामात एकच कडक नियम होता: आधी निरोप धाडायचा नाही. न सांगता जायचं, चुलीवर जे असेल ते बघायचं. पण नेमकं त्या आठवड्यात बाई भाच्याच्या लग्नाला सटाण्याला गेल्या होत्या आणि पैसे देणाऱ्या संस्थेचे पाहुणे मुंबईहून पाहणी बघायला यायचे होते. आमचे नवे संचालक माणूस म्हणून वाईट नव्हते. पाहुणे इतक्या लांब येणार आणि लोक रानात गेलेले, घरांना कुलपं, असं व्हायला नको म्हणून त्यांनी सरपंचाला फोन केला. यात पाप होतं असं मलाही तेव्हा वाटलं नाही.

बाई लग्नाहून आल्या. पाहणीचे कागद मीच त्यांच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी दोनचार पानं उलटली आणि विचारलं, ‘नागली कुठं गेली?’ नाचणीला तिकडे नागली म्हणतात.

‘म्हणजे?’

‘अहो, पेठच्या डोंगरात घरोघर भात, उडदाची डाळ आणि वर अंडं? एकाही चुलीवर नागलीची भाकर नाही? शिंदे, हे जेवण त्यांचं नाही. हे पाहुण्यांचं जेवण आहे.’

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही पाड्यावर गेलो. चिमाबाई अंगणात उन्हाला बसली होती. बाईंनी सरळ विचारलं, ‘चिमाबाई, त्या दिवशी सगळ्यांकडे डाळभात कसा?’

‘मंग? मुंबईचं साहेब येनार म्हनले. सरपंच घरोघर सांगत फिरला, मडकी उघडून बघनार हायेत म्हनून. रिकामं मडकं दावू का?’

‘डाळ आणली कुठून?’

‘कोनी दुकानातून आनली, कोनी सोयऱ्याकडून. किसननं अंडी इकाय ठिवली व्हती, ती घातली. साहेब लय खूश झालं.’

‘अगं, ते मडकं बघून तुमचं धान्य बंद करतील!’

चिमाबाई खो खो हसली. तिला वाटलं बाई थट्टा करतायत. ‘बाई, तू लय शिकली, पन तुला कायबी कळत नाय. पावन्याला जेवाय घातलं म्हनून कोन कोनाचं धान्य बंद करील का?’

पिढ्यान्‌पिढ्या या माणसांनी एवढंच पाळलं होतं, की दारी आलेल्याला आपली उपासमार दाखवायची नाही. त्यातून आम्ही निष्कर्ष काढला होता की त्यांना उपासमार नाही.

बाईंनी संचालकांशी भांडण मांडलं, पाहणी रद्द करा म्हणाल्या. मुदत संपत आली होती, पाहुणे समाधानानं परत गेले होते, कोण ऐकणार? मग भादव्यात बाई मला घेऊन पुन्हा गेल्या, न सांगता, पायवाटेनं. भादवा हा तिथला सगळ्यात वाईट महिना. जुनी नागली संपलेली, नवी अजून शेतात. एका घरी कडू कंद उकळत होते. पाणी बदलून बदलून उकळावे लागतात, नाहीतर उलट्या होतात. एका घरी नुसती रानभाजी, मीठ घालून. चिमाबाईनं आम्हाला बघितल्या बघितल्या मडक्यावर झाकण ठेवलं. बाईंनी ते उघडलं नाही. त्यांनी हे सगळं लिहून काढलं आणि संचालकांनी ते मूळ अहवालाच्या मागे परिशिष्ट म्हणून जोडलं. परिशिष्टं कोण वाचतं? मी इतकी वर्षं याच धंद्यात आहे, मीही वाचत नाही.

योजना आली. धान्याचं दुकान बंद झालं आणि पैसे खात्यात येऊ लागले. खातं तालुक्याच्या बँकेत. तिथं जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची, एस.टी.चं भाडं भरायचं, आणि इतकं करून कष्टानं झिजलेला अंगठा यंत्रावर उमटत नाही म्हणून परत यायचं. मिळालेले पैसे वाटेतच कधी औषधाला, कधी छपराच्या पत्र्याला जात. त्यात किसनची काही चूक होती असं नाही. बाई म्हणत, ‘धान्याला घर ठाऊक असतं, पैशाला बाजार ठाऊक असतो.’ त्यांनी अर्ज केले, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. सगळीकडे त्यांना आमच्याच संस्थेचा अहवाल दाखवण्यात आला. त्यावर बाईंचं नाव नव्हतं, त्यांनी ते काढायला लावलं होतं. त्यानं काय फरक पडतो!

योजना आल्यावरच्या दुसऱ्या भादव्यात चिमाबाई गेली. तिथल्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईनं बाईंना फोन केला. आम्ही पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. किसन म्हणाला, ताप आला आणि गेली. बाई सरळ चुलीपाशी जाऊन बसल्या. मग सुनेला विचारलं, सासू कधी जेवायची? सून म्हणाली, ‘त्या म्हनायच्या, तुमी जेवा, मी शेजारी जेवून आली.’ बाई उठून शेजारी गेल्या. शेजारीण म्हणाली, ‘आमच्याकडं? नाय ओ. मी इचारलं तर म्हनायची, घरी जेवूनच आली.’

बाई परत आल्या आणि गाडीत बसून रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला काय करावं सुचेना. मी आपला काचा पुसत राहिलो.

कुणीतरी पेपरात चार ओळी दिल्या आणि चौकशी लागली. चौकशीच्या आदल्या दिवशी किसन नाशिक रोडला बाईंच्या घरी आला. मी तिथंच होतो. तो खुर्चीवर बसला नाही, भिंतीला टेकून खाली बसला. म्हणाला, ‘बाई, आई उपाशी मेली असं तू बोलू नको. मी आईला उपाशी मारली असं व्हईल. पोरीची लग्नं व्हायची हायेत. सोयरे दारात उभं करनार नायत.’

‘तुझी चूक नाही रे किसन,’ बाई म्हणाल्या.

‘ते तुला म्हाईत, मला म्हाईत. लोकांना काय म्हाईत?’

तो गेल्यावर बाईंनी दार लावलं. मग मला म्हणाल्या, ‘शिंदे, काय करू?’ त्यांनी मला सल्ला विचारण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ. मी म्हणालो, ‘किसनचं ऐका. गेलेलं माणूस काही परत येत नाही.’ त्या म्हणाल्या, ‘पुढच्या भादव्यात कोण जाईल, ते सांगता?’

पाड्यावरच्या शाळेच्या ओट्यावर चौकशी झाली. सगळा पाडा जमला होता. चौकशीला आलेल्या साहेबांनी किसनला विचारलं. किसन हात जोडून म्हणाला, ‘ताप व्हता साहेब. घरात समदं व्हतं. आई पोटभर जेवून गेली.’ एकेक जण उठून तेच सांगत होता. शेजारणीनं तर चिमाबाई आदल्या दिवशी आपल्याकडे भात खाऊन गेली असं शपथेवर सांगितलं. साहेबांचा चेहरा खुलला. जाता जाता रीत म्हणून त्यांनी विचारलं, ‘मॅडम, तुम्हाला काही म्हणायचंय?’

बाई उभ्या राहिल्या. किसनकडे बघत होत्या. ‘चिमाबाई उपासानं गेली,’ त्या म्हणाल्या. ‘ताप नंतर आला. ती घरच्यांना सांगायची शेजारी जेवले आणि शेजाऱ्यांना सांगायची घरी जेवले. किसनला हे माहीत नव्हतं. यात त्याचा काही दोष नाही. धान्य बंद केलं त्याचा दोष आहे, आणि ज्या अहवालावरून ते बंद केलं तो खोटा आहे.’

किसननं जोडलेले हात सोडले आणि तो खाली मान घालून घराकडे चालू लागला. त्याच्यामागून एकेक करत सगळा पाडा उठून गेला.

पेपरात जे छापून आलं त्यात योजना कमी आणि किसन जास्त होता. बाई आधीच निवृत्तीला आल्या होत्या. पुढं त्या सटाण्याला बहिणीकडे जाऊन राहिल्या, आणि तिथंच वारल्याचं मला फोनवरून कळलं. मी त्यांना अखेरचं पाहिलं ते त्याच्या आधी, त्या पाड्यावर. त्या चौकशीनंतर योजना गुंडाळली गेली होती, धान्य पुन्हा सुरू झालं होतं आणि पहिली गाडी यायची होती. बाईंना ती बघायची होती. मी म्हटलं, नका जाऊ, कशाला मनस्ताप! त्या ऐकतात कुठल्या! शेवटी मीच त्यांना माझ्या गाडीतून घेऊन गेलो.

आम्ही पाड्याच्या तोंडाशी मोहाच्या झाडाखाली उभे राहिलो. दारात बसलेल्या बायका आम्हाला बघून आत गेल्या. किसनची धाकटी मुलगी धावत पुढं आली, तर तिला आतून हाक मारली गेली. ‘या’ असं कुणी म्हटलं नाही. ज्या पाड्यानं परक्या साहेबांसाठी उसनी डाळ शिजवली होती, तिथं बाई उन्हात काठीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांना कुणी साधं पाणी विचारलं नाही. मला संताप येत होता आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

ट्रक आला. पुरुष माणसं पोती उतरवू लागली. किसनही होता. एक पोतं पाठीवर घेऊन तो आमच्या अगदी समोरून गेला. बाईंनी ‘किसन’ म्हणून हाक मारली. त्यानं मान वळवली नाही. पोतं घेऊन तो चढ चढून गेला आणि बाई तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या.

मी म्हणालो, ‘चला बाई, आता निघू या.’

‘दमानं गेला नाही, भराभर चढला,’ त्या म्हणाल्या. ‘अंगात बळ आहे अजून त्याच्या.’ आणि काठी टेकत गाडीकडे निघाल्या.